आमचे घर तलाकच्याच दिवशी का उघडते?

मी सिनेमाचा अभ्यासक नाही. वेल्ह्याच्या रस्त्यावर मार्गासनीत राहणारा, सवड मिळेल तसा मोबाईलवर चित्रपट पाहणारा साधा माणूस. कोणत्या महोत्सवात कोणाला काय मिळाले, हे जाणकारांनी बोलावे. मला काय रुचले आणि काय खुपले, तेवढेच मी सांगतो.

‘हलाल’ (२०१७) खुपला. कथा राजन खान यांची, दिग्दर्शन शिवाजी लोटन पाटील यांचे. विषय खोटा आहे असे मी म्हणणार नाही. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे. तो पडद्यावर आलाच पाहिजे. पण मराठी पडद्यावर मुसलमानाचे घर उघडते ते नेमके तलाकच्याच दिवशी का? त्या घरातली भातलावणी, मुलीची दहावी, एस.टी.ची वाट पाहणारी म्हातारी कोणी दाखवायची? तलाकची गोष्ट दहावी म्हणून आली तर मी ती मान खाली घालून पाहीन. पहिली आणि एकुलती म्हणून आली, की ती आमची ओळखच होऊन बसते.

‘ख्वाडा’ (२०१५) म्हणूनच आवडला. भाऊराव कऱ्हाडे यांनी त्यासाठी स्वतःची जमीन विकली. धनगराचा संसार त्यांनी मेंढरांसकट दाखवला, नुसता ‘प्रश्न’ म्हणून नाही. ‘कोर्ट’ (२०१५) पाहताना आधी कंटाळलो, हे कबूल. पण त्यात सरकारी वकीलबाई कुटुंबासह नाटकाला जातात. रंगमंचावर परप्रांतीयाची टिंगल चालते आणि प्रेक्षागृह खूश होते. चैतन्य ताम्हाणे त्यावर एक शब्दही बोलत नाहीत. भाषणापेक्षा ते जास्त लागते.

कोणी म्हणेल, आपल्याजवळ पैसा कुठे आहे? मालेगावात तरी कुठे होता? यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख यांनी गावच्याच माणसांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे फैजा अहमद खान यांनी त्या मंडळींवर माहितीपट काढला आणि २०२५ साली हिंदीवाल्यांनी त्यांच्यावर मोठा चित्रपट केला. त्यांनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही.

त्यांची भाषा उर्दू-हिंदी. आपली मराठी. आपल्या घरात, शेतात, भांडणातही मराठीच. मग दोष एकट्या दिग्दर्शकांना कसा द्यायचा? कथा, कविता, संमेलने आपण केली. आता कॅमेरा कोण उचलणार? दुसऱ्याने आपले घर उघडण्याआधी दार आपणच उघडायला हवे.