प्रवक्तेपद आणि न्यायासन

२८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन वकिलांची नावे संमत केली. त्यांत आरती साठे यांचे नाव होते. करविषयक कायद्यातील त्यांच्या अनुभवाबद्दल वाद नाही. वाद आहे तो २०२३ मध्ये त्यांच्याकडे आलेल्या भारतीय जनता पक्षाच्या प्रदेश-प्रवक्तेपदाविषयी. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते सोडले; म्हणजे प्रवक्तेपद आणि शिफारस यांत अंतर दीड वर्षाचे. बारामतीच्या पवार घराण्यातील आमदार रोहित पवार यांनी हरकत घेतली. ऑगस्टमध्ये नियुक्ती झालीच.

राजीनाम्याने संबंध संपला, हे सत्तारूढ पक्षाचे उत्तर पोकळ आहे. पण केवळ पक्षीय भूतकाळावर बोट ठेवणेही पुरेसे नाही. तो दोष मानला तर बारामतीशेजारच्या पुरंदर तालुक्यातील सासवडचे वि. म. तारकुंडे यांनाच प्रथम बाद करावे लागेल! ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते. तो पक्ष १९४८ मध्ये विसर्जित झाला, तारकुंडे १९५७ मध्ये न्यायमूर्ती झाले. मध्ये नऊ वर्षे गेली होती, आणि तो पक्ष कधी सत्तेवर आलेलाच नव्हता. नेमणाऱ्यांचे त्यांच्याकडे काही येणे नव्हते. येथे मात्र नियुक्तीच्या वेळी केंद्रात आणि राज्यात तोच पक्ष सत्तेवर आहे, आणि उच्च न्यायालयासाठीची शिफारस दिल्लीला जाताना मुख्यमंत्र्यांच्या मेजावरूनच जाते.

हा प्रश्न केवळ वकीलवर्गाचा नव्हे. १९७२ साली इंदापूर तालुक्यातील बावड्यात दलितांवर सामाजिक बहिष्कार लादला गेला आणि आरोप झाला तो राज्याच्या एका मंत्र्याच्या भावावर. गाव, कारखाना, पतपेढी आणि मंत्रालय एकाच गोटात असले की भूमिहीनाला उरते ते उच्च न्यायालयाचे दार. समोरचा न्यायमूर्ती कालपर्यंत त्याच गोटाची बाजू मांडत होता, अशी शंका त्याच्या मनात आली तर निकाल कितीही निर्दोष असो, त्याचा उपयोग काय?

१९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला, तेव्हा शासनाच्या हाती निवड ठेवण्याचा धोका देशाला दिसला. १९९३ च्या निकालाने निवड न्यायमूर्तींच्या हाती गेली, पण ती बंद दाराआडच राहिली. २०१५ मध्ये नियुक्ती आयोग रद्द झाला. त्यासंबंधीची घटनादुरुस्ती सदोष होती हे मान्य. तरीही एका प्रवक्त्याची निवड का योग्य ठरली, याची कारणे जनतेला कळू नयेत, हे कोणत्या घटनेत बसते?

मागणी साधी आहे. पक्षाचे पद सोडल्यापासून निदान पाच वर्षे न्यायासन नाही, आणि प्रत्येक शिफारशीची कारणे प्रसिद्ध. बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी ती हरकत घेणाऱ्यांपुढेही ठेवावी, आणि उद्या आपला पक्ष सत्तेवर आला तरी हा नियम पाळाल काय, याचे लेखी उत्तर मागावे.