दोनचा अलार्म

दुपारचे बरोब्बर दोन. अप्रेझल चालू. बॉस माझ्या ‘सुधारणेला वाव’ असलेल्या गोष्टींची लांबलचक यादी वाचतोय आणि माझा मोबाइल केकाटायला लागतो. मी सॉरी म्हणून बाहेर पळते आणि घरी फोन लावते. ‘आई, बाबांना गोळी दिलीस?’

गोळी म्हणजे मॉर्फिन. भुवया वर गेल्या ना? माझ्याही गेल्या होत्या.

बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला आणि डॉक्टर मॅडमनी ही गोळी लिहून दिली. माझ्या डोक्यात दोनच प्रश्न : शेवट जवळ आला का? आणि बाबांना व्यसन लागलं तर? मॅडमना विचारायचं सोडून मी स्वतःच ठरवून टाकलं, अगदी असह्य झालं तरच द्यायची. एमबीए केलंय ना, रिस्क मॅनेजमेंट!

चार रात्री बाबा भिंतीकडे तोंड करून पडून होते. विचारलं की म्हणायचे, ‘झोपलोय गं.’ पाचव्या रात्री मी पाणी प्यायला उठले, तर बाबांनी उशीचं टोक दातांत धरलं होतं. आवाज बाहेर येऊ नये म्हणून. मला सकाळी ऑफिस होतं ना.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला शांतपणे झापलं. ‘ही गोळी घड्याळाकडे बघून द्यायची, बाबांच्या चेहऱ्याकडे बघून नाही.’ साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो. दुखणं परत डोकं वर काढायच्या आत पुढची गोळी पोटात हवी. म्हणून सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. मधेच कळ आली तर ठरवून दिलेला जादा डोस, आणि तो वहीत लिहायचा. डोस वाढवणार फक्त मॅडम, तोही ती वही बघून.

आणखी बरंच शिकले. बद्धकोष्ठता होतेच, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. मळमळ आणि गुंगी बहुतेकांची काही दिवसांत ओसरते. दारू अजिबात नाही, झोपेची गोळी मनाने नाही. किडनी बिघडली तर औषध शरीरात साठतं, म्हणून रक्ततपासणी चुकवायची नाही. हाका मारूनही माणूस जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर थेट हॉस्पिटल. गोळी अचानक बंदही करायची नाही. शरीराला तिची सवय होते, पण सवय वेगळी आणि व्यसन वेगळं. दुखण्यासाठी, देखरेखीखाली घेणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये व्यसन क्वचितच दिसतं.

माझी भीती एकटीची नव्हती म्हणा. 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं, की कित्येक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने ते बरंच सोपं झालं. गंमत बघा, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून बनणारी गोळी आपल्याच घरात आपण लपवून ठेवतो.

घड्याळ लावल्यावर तिसऱ्या सकाळी बाबांनी पेपर मागितला. शब्दकोडं सोडवलं, पोह्यात मीठ कमी आहे म्हणून आईशी भांडले. अप्रेझलची कथा ऐकून म्हणाले, ‘एवढ्याशा पगारात इतकं ऐकून घेतेस?’ शेवट बिवट काही आला नव्हता. त्यानंतर आठ महिने बाबा आमच्यात होते, आणि बहुतेक रात्री खरोखर झोपले.

ते गेल्यावर कपाटात एक स्ट्रिप उरली. आमच्या टीममधला एक जण पाठदुखीने हैराण होता. ‘दे की मला, फेकण्यापेक्षा बरं.’ नाही म्हणाले. बाबांना हळूहळू झेपलेला डोस सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवू शकतो. शनिवारी जाऊन स्ट्रिप क्लिनिकमध्ये परत केली. मॅडमनी मोजून घेतली, सही केली.

घरी आल्यावर मोबाइलमधले अलार्म काढले. चार काढले. दोनचा राहू दिलाय. तो वाजला की आईला फोन करते. ‘जेवलीस का?’