साडेसहा सीजीपीए म्हणजे किती टक्के? उत्तर पोरानं का द्यायचं?

अक्कलकोटकर मंडळी, थोडं मोठं लिहितोय, पण घरात पदवीला असलेलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

निकालाचे दिवस संपले की आपल्याकडे फॉर्म भरण्याचा सीझन सुरू होतो. बँक, बी.एड., एमबीए, कंपनीचा इंटरव्ह्यू, कुणाचं परदेशात जायचं चाललेलं. नेट कॅफेत गर्दी. आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असतो : पदवीला मिळालेले टक्के. आता पोराच्या हातातल्या गुणपत्रिकेवर असतो सीजीपीए. समजा ६.५. मग टक्के किती लिहायचे?

सोपं वाटतं ना? बघा मग.

सरळ दहानं गुणलं तर ६५ टक्के.
सीबीएसईच्या ९.५ नं गुणलं तर ६१.७५.
गुजरात तंत्रशास्त्र विद्यापीठाचं सूत्र लावलं (०.५ वजा करून दहानं गुणा) तर ६०.
एआयसीटीईचा तक्ता धरला (०.७५ वजा करून दहानं गुणा) तर ५७.५.
मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगला वापरलेलं सूत्र लावलं (७.१ नं गुणून ११ मिळवा) तर ५७.१५.

पोरगं तेच, अभ्यास तोच, पेपर तेच. टक्के ५७ पासून ६५ पर्यंत कुठेही. आणि नेमकी मधोमध ती ६० ची रेघ. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी अधिकारी परीक्षेला खुल्या वर्गासाठी पदवीला ६० टक्के लागतात. कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्या दहावी, बारावी, पदवी असे तिन्हीकडे ६० मागतात. म्हणजे कुठलं सूत्र धरलं यावर पोरगं दाराच्या आत की बाहेर हे ठरतं. हुशारीचा प्रश्न नंतर येतो.

आता कुणी म्हणेल, ९.५ नं गुणायचं हे तर सगळ्यांना माहीत आहे. तिथेच तर गंमत आहे. हे ९.५ आलं कुठून? सीबीएसईनं दहावीला मार्क बंद करून ग्रेड सुरू केले, तेव्हा मागच्या पाच वर्षांत ९१ ते १०० मध्ये बसलेल्या मुलांची सरासरी काढली. ती आली ९५ च्या आसपास. सगळ्यात वरचा ग्रेड १० चा, म्हणून ९५ भागिले १० बरोबर ९.५. बस्स, एवढंच. ते सीबीएसईच्या दहावीपुरतं होतं. पुढे २०१८ ला सीबीएसईनं दहावीची बोर्डाची परीक्षा पुन्हा सगळ्यांना सक्तीची केली, मार्कही परत आणले. पण तो ९.५ मात्र गावोगावी राहिला. बी.एस्सी.ला लाव, बी.कॉम.ला लाव, इंजिनिअरिंगला लाव. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपण आपल्या पोरांना घालतोय.

यूजीसीनं दहा पॉइंटांची पद्धत आणली, त्यात O म्हणजे १०, A+ म्हणजे ९, A म्हणजे ८ असं उतरत P म्हणजे ४ पर्यंत ठरवून दिलं. चांगली गोष्ट. पण ग्रेडचे परत टक्के करायचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं. आणि फॉर्म मात्र अजून टक्केच मागतात. एका हातानं टक्के काढून घेतले, दुसऱ्या हातानं तेच मागतात.

बँकांच्या भरतीत आयबीपीएसचा नियम वाचा. सीजीपीए असेल तर त्याचे टक्के करून भरा, आणि मुलाखतीला बोलावलं तर विद्यापीठाचा रूपांतराचा नियम काय आहे याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र आणा. त्याच सूचनांमध्ये हेही लिहिलेलं असतं की ५९.९९ टक्के म्हणजे ६० पेक्षा कमीच धरले जातील. नियम कडक असू दे, त्याला ना नाही. पण बघा, पॉइंटनंतरच्या दोन आकड्यांपर्यंत काटेकोर असलेली व्यवस्था, ते आकडे काढायचं काम मात्र नेट कॅफेत बसलेल्या एकवीस वर्षांच्या पोरावर सोडते. चुकलं तर फॉर्म बाद. जास्त लिहिले तर खोटी माहिती दिली म्हणून बाद. कमी लिहिले तर स्वतःच्याच पायावर धोंडा.

पुण्या-मुंबईच्या पोराला हे कॉलेजच्या प्लेसमेंट ऑफिसमध्ये कुणीतरी सांगतं. आपल्या दुधनी-मैंदर्गीकडच्या, वागदरीच्या पोरीला कोण सांगणार? घरात पहिली पदवी तिची. ते प्रमाणपत्र आणायचं तर अक्कलकोटहून सोलापूर चाळीस किलोमीटर, तिथून पुढे पुणे रोडला केगाव. एक दिवसाचा रोजगार, एसटीचं भाडं, आणि त्या दिवशी साहेब जागेवर असले पाहिजेत. मी कुठल्या क्लार्कला दोष देत नाही, त्याच्याकडेही रांग असतेच. मुद्दा असा की ही फेरी मुळात लागायलाच नको.

आपल्या तालुक्याला हा प्रश्न दुप्पट लागतो, कारण आपण सीमेवर. आळंद, अफझलपूर, इंडीकडची पोरं इकडे शिकायला येतात, आपली कलबुर्गी-विजयपूरला जातात. कर्नाटकची एसएसएलसी ६२५ मार्कांची : पहिली भाषा १२५ ची, बाकी पाच विषय शंभराचे. आपली दहावी सहा विषयांची, पण टक्के काढताना सगळ्यात चांगले पाच धरायचे, ५०० पैकी.

एक हिशोब करू. समजा दोन मैत्रिणी, एक अलीकडची, एक पलीकडची, अभ्यासात अगदी सारख्या. पलीकडचीला पहिल्या भाषेत १२५ पैकी ११५, बाकी विषयांत ८५, ८८, ८४, ८६ आणि गणितात ५५. एकूण ५१३, म्हणजे ८२.०८ टक्के. अलीकडचीला तेच मार्क, फक्त भाषेत शंभरपैकी ९२, म्हणजे प्रमाण तेच. तिचं गणिताचं ५५ गळून पडतं. ५०० पैकी ४३५, म्हणजे ८७ टक्के. जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक, आणि तो फक्त राज्य बदललं म्हणून! गुणपत्रिकेवरचे टक्के बघून कुणी म्हणालं, ही हुशार आणि ती जरा कमी, तर तो माणूस चुकीचं बोलतोय हे त्याला कळणारही नाही.

आणि हे आपल्या राज्याला नवीन नाही. बेस्ट ऑफ फाइव्ह आलं कुठून, आठवतं का? अकरावीला एसएससी, सीबीएसई, आयसीएसई यांचे मार्क एकाच यादीत कसे बसवायचे, यावर २००८ ला राज्य सरकारनं पर्सेंटाइलचं सूत्र काढलं. हायकोर्टानं रद्द केलं. २००९ ला एसएससीच्या मुलांसाठी ९० टक्के जागा ठेवायचा निर्णय आला. तोही रद्द. २०१० ला बेस्ट फाइव्ह. हायकोर्टात तेही पडलं, शेवटी सुप्रीम कोर्टात टिकलं. तीन वर्षं, तीन सूत्रं, आणि प्रत्येक वेळी पोरांचे प्रवेश लटकलेले. कारण एकच : माप आधी ठरवलं नाही, माल तोलायला काढल्यावर ठरवायला बसले. आता २०२५ पासून अकरावीचे ऑनलाइन प्रवेश राज्यभर सुरू झालेत, म्हणजे हे सगळं आपल्या तालुक्याच्या दारात आलंय.

मग जगात हे कसं करतात? कॅनडाचं उदाहरण घ्या. तिथेही विद्यापीठागणिक पट्टी वेगळी. टोरांटो विद्यापीठात ८५ ते ८९ मार्कांना A आणि त्याचे चारपैकी चार पॉइंट. जवळच्याच हॅमिल्टनमधल्या मॅकमास्टरमध्ये पट्टी बाराची. त्यातलं पोरगं डॉक्टर व्हायला निघालं की ओंटारिओच्या मेडिकल कॉलेजांचे अर्ज एका सामायिक केंद्रातून जातात. त्यांच्या तक्त्यात टोरांटोचा तोच A होतो ३.९. सीमा ओलांडून अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांना अर्ज केला तर तिथल्या एएमसीएएस या सामायिक अर्जव्यवस्थेत A आणि A+ दोन्ही ४. म्हणजे गोंधळ तिथेही आहे. एकच ग्रेड, नदीच्या अलीकडे ३.९, पलीकडे ४.

पण फरक कुठे आहे बघा. अमेरिकेच्या त्या अर्जात पोरानं ट्रान्सक्रिप्टवर जो ग्रेड आहे तोच, विषयवार, जसाच्या तसा लिहायचा. त्याचं रूपांतर अर्ज घेणारी संस्था करते, स्वतःच्या तक्त्यानं, मूळ कागदाशी ताडून. तक्ता आधीच जाहीर. सगळ्यांना तोच. पोराला गुणाकार-भागाकार करून नशीब आजमावावं लागत नाही.

उलट आपली पोरं परदेशी फॉर्म भरताना काय करतात? ६० टक्क्यांना २५ नं भागतात आणि चारपैकी २.४ लिहून मोकळे होतात. अरे, आपल्याकडे ६० म्हणजे फर्स्ट क्लास. तिकडे शंभरपैकी ६० म्हणजे काठावर पास. आकडा तोच, अर्थ वेगळा. म्हणून जिथे संस्था मूळ मार्क मागते तिथे मूळ मार्कच द्या, स्वतः रूपांतर करू नका. कुणी एजंट 'वाढवून करून देतो' म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

काही जण म्हणतील, मग देशभर एकच सूत्र करा की. मला ते पटत नाही. प्रत्येक विद्यापीठाचे पेपर वेगळे, तपासणी वेगळी, कुठे हात सैल, कुठे आखडता. एकच गुणक सगळ्यांना लावला तर कडक तपासणाऱ्या विद्यापीठाची पोरं मागे पडतील. सूत्रं वेगवेगळी असू द्या. पण ती लपलेली नकोत, आणि लावायचं काम पोराकडे नको.

मागणी साधी आहे, तीनच गोष्टी :

१. पदवीच्या प्रत्येक गुणपत्रिकेच्या मागे एक ओळ छापा : या विद्यापीठात सीजीपीएचे टक्के असे काढतात. जिथे ही ओळ आधीपासून आहे तिथे ती ठळक करा. ओळ गुणपत्रिकेवरच असली तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज उरत नाही.

२. तोपर्यंत प्रमाणपत्र कॉलेजातच मिळावं, किंवा ऑनलाइन. केगावची फेरी बंद.

३. राज्य सरकारच्या भरतीच्या आणि प्रवेशाच्या फॉर्ममध्ये टक्क्यांच्या रकान्याऐवजी 'मिळालेले' आणि 'पैकी' असे दोन रकाने द्या. १० पैकी ६.५. ६२५ पैकी ५१३. पुढचं गणित सरकारी कॉम्प्युटर करेल, त्याला तेवढं येतं.

यातल्या एकाही गोष्टीला बजेट लागत नाही. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या अधिसभेवर आपल्या भागातून मतं घेऊन गेलेले सदस्य आहेत. पदवीधरांची मतं मागायला ते येतात, तेव्हा हा एक प्रश्न विचारा. आणि तालुक्यातल्या प्राचार्यांना विनंती : विद्यापीठाचं सूत्र काय ते विचारून घ्या आणि नोटीस बोर्डावर एक कागद लावा. उद्याच लावता येईल.

आपली पोरं मार्क कमी पडले म्हणून मागे राहिली तर समजू शकतो, पुन्हा अभ्यास करतील. भागाकार चुकला म्हणून मागे राहायला नकोत.

ज्यांच्या घरी फॉर्म भरायचा चाललाय त्यांच्यापर्यंत हे पोचवा. 🙏