पैरा म्हणजे फुकटची माणसं नव्हेत



काल खताच्या दुकानात बसलो होतो. चौघांचं एकच रडगाणं. मजूर मिळत नाहीत, रेशनचं फुकट खाऊन लोकं आळशी झाली, आणि पूर्वीचा पैरा आता राहिला नाही कारण माणुसकीच राहिली नाही. माझी मागची उधारी होती म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बोलतो.

पैरा माणुसकीवर कधीच चालत नव्हता. आमच्याकडं पैरा म्हणतात, कुठं सावड म्हणतात, बैलांचा असला तर वारंगुळा. शब्द कुठलाही घ्या, मुळात तो हिशेब आहे. मी तुझ्या रानात एक दिवस, तू माझ्या रानात एक दिवस. इर्जिक तेवढी वेगळी, तिथं अडलेल्याच्या रानात सगळ्यांची औतं एका दिवसात फिरायची आणि तो जेवण घालायचा. पण तिथंही कोण आला न्हाई ते गावाला बरोबर आठवायचं. पैरा मोडला तो माणुसकी आटली म्हणून न्हाई. ज्याच्याकडं पैसा आला त्याला दुसऱ्याच्या रानात वाकायची लाज वाटायला लागली, म्हणून मोडला.

दुसऱ्याचं कशाला, माझंच सांगतो. २०१८ ला सोयाबीन काढणीला मी पैऱ्यातनं बाहेर पडलो. म्हटलं, उक्तं देऊ, कटकट नको. त्या साली जमलं. २०१९ चा ऑक्टोबर तुम्हाला आठवत असेल, परतीचा पाऊस हलायलाच तयार नव्हता. दोन दिवस उघडीप मिळाली. टोळीला जास्त पैसे देणारा भेटला, ती तिकडं गेली. हार्वेस्टर ओल्या रानात रुततो, आणि माझ्या अर्ध्या एकराच्या तुकड्यांत तो वळणार तरी कुठं? शेजारच्या पाच घरांनी त्या दोन दिवसांत एकमेकांचं उरकून ताडपत्रीखाली घातलं. मी बांधावरनं बघत होतो. मला कुणी वाईट बोललं न्हाई, बोलावलं पण न्हाई. माझ्या शेंगेतच कोंब आले. चूक त्यांची नव्हती.

पुढच्या साली परत घेताना बायकांनीच अटी घातल्या. खरं तर पैरा बायकाच चालवतात, आम्ही फक्त मिशीवर ताव मारतो. पहिली अट, दिवसाला दिवस. बाईचा दिवस आणि गड्याचा दिवस एकच. रोजगारात बाईला कमी देता ना? पैऱ्यात चालणार न्हाई. मी कुरकुर केली. बायको म्हणाली, विळा घेऊन माझ्या बरोबरीनं चार सऱ्या काढून दाखवा, मग बोला. दोन सऱ्यांत कंबर धरली.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. आमच्यातल्या दोन घरांना रानच न्हाई. त्यांनी आपलं सोयाबीन काढायचं, आणि आपण त्यांचं काय काढायचं? इथंच जुना पैरा लबाड होता. भूमिहीन माणसाचा दिवस घ्यायचा आणि फेडताना पायलीभर धान्य टाकायचं. आता त्यांचा दिवस त्यांना पाहिजे तसा फिटतो. एकीच्या घराचे पत्रे बदलायला आम्ही सहाजण दिवसभर वर होतो. दुसरीनं शेळ्यांना वर्षभर बांधावरचं गवत मागितलं. उरलेले दिवस चालू रोजगाराच्या दरानं रोख, आणि ते दिवाळीच्या आत. पैसे देऊनही याला पैराच म्हणायचं का, असं एका शिकलेल्या साहेबांनी विचारलं. म्हणा न म्हणा, माणसं येतात.

कृषीवाल्या मंडळींना एक सांगणं. पैरा फसतो तो सगळ्यांचं पीक एकाच आठवड्यात वाळतं म्हणून. सगळ्यांनी फुले संगम एकाच वाफशावर पेरलं तर पाळी लागणार कशी? आम्ही पेरणीच्या आधी बसून वाटून घेतो. दोघांनी लवकर येणारं ९३०५, दोघांनी ३३५, बाकीच्यांनी संगम. पेरणीतही तीन-चार दिवसांचं अंतर. शेंग फुटायच्या आत पाळी फिरते. तुमच्या शेतीशाळेत वाणाचं उत्पन्न सांगता, तसं गटाच्या काढणीचं वेळापत्रकही मांडा की. गट म्हणजे बोर्ड, पासबुक आणि अवजाराचं अनुदान एवढंच न्हाई. अनुदानाचं अवजार एकाच्याच गोठ्यात दिसतं, हे तुम्हालाही माहीत आहे.

लोक येत न्हाईत असं आमच्या कोरेगाव तालुक्यात तरी कुणी म्हणू नये. २०१६ च्या वॉटर कपला इथं माणसं उन्हात सीसीटी खांदत होती, आणि आपल्या वेळूनं पहिला नंबर काढला. तिथं कुणाला रोजगार मिळत नव्हता. पण माती सगळ्यांच्या शिवारात अडत होती. तुमच्या एकट्याच्या रानात फुकट वाकायला कोण येईल?

आणि परवडायचं म्हणाल, तर २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२, आणि आमचं माप बाजारात त्याच्याही खाली गेलं. एकरी एक क्विंटलभर सोयाबीन नुसत्या काढणीच्या उक्त्यात जातं. ज्याला ते परवडतं त्यानं खुशाल द्यावं. फक्त मजुराला आळशी म्हणू नये, तो दर बघतो, तुम्ही पण बघताच की.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या नावापुढं अजून तीन दिवस फेडायचे आहेत. उद्या ओढ्याकडच्या तुकड्यात सातला. विळ्याला धार लावून ठेवली आहे. दुकानातल्या त्या चौघांपैकी कुणाला यायचं असेल तर यावं, पण आधी आमच्या रानात एक दिवस, मग त्यांच्या.