हात सावरणारे

एकदा चित्रकलेच्या तासाला मी एका जुन्या चित्राची प्रतिकृती वर्गात फिरवली. आंतोनिओ तेंपेस्ता (१५५५–१६३०) या फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने बायबलातील लढाया अम्लरेखनाने साकारल्या, त्यांपैकी ते एक. तांब्याच्या पत्र्यावर लेप देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात. उघडे पडलेले तांबे आम्ल खाते आणि त्या खाचांत शाई भरून छाप घेतात. मुलांचे डोळे घोड्यांवर आणि भाल्यांवर खिळले. एकाने विचारले, “बाई, यात जिंकले कोण?”

कथा अशी आहे. रफीदीम येथे यहोशवा अमालेकी लोकांशी लढत होता आणि वृद्ध मोशे टेकडीवर उभा होता. त्याचे हात वर असत तोवर इस्राएलाची सरशी होई, खाली आले की शत्रूची. हात थकले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत सावरून धरले.

जुन्या करारातील कथा मराठीला परक्या नाहीत. फादर स्टीफन्स यांनी त्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठी ओव्यांत गुंफल्या, तो ग्रंथ १६१६ साली गोव्यात छापला गेला. माझ्या कोकणी मातृभाषेचे व्याकरणही त्यांनीच लिहिले.

आता माझे म्हणणे. वार्षिक संमेलनात आपण यहोशवाला पारितोषिक देतो आणि हूर मात्र टाळ्या वाजवीत मागे बसतो. आजारी मित्रासाठी वही उतरवून देणारा मुलगा, भावाच्या परीक्षेच्या दिवसांत घरकाम अंगावर घेणारी बहीण, यांची नोंद कोणत्या गुणपत्रिकेत होते? कोणी म्हणेल, अशाने स्पर्धेची ईर्षा मंदावेल. मला तसे वाटत नाही. हात सावरणारे होते म्हणून यहोशवाला लढावे लागले नाही, असे झाले नाही. श्रम त्याचे त्यालाच करावे लागले. मात्र एकट्याच्या श्रमाने जय मिळाला, हा समज खोटा होय.

म्हणून माझी एक सूचना आहे. पारितोषिक घेणाऱ्या प्रत्येकाने आपला हात सावरणाऱ्या एका व्यक्तीचे नाव व्यासपीठावरून सांगावे. त्याला खर्च नाही, वेळही फारसा नाही. पालकांनीही घरी मुलांना हाच प्रश्न विचारावा.

आपले गाव रामाच्या नावाचे. सेतूच्या कथेतील खारीचा वाटा आपण आदराने सांगतो. मग तो आपल्या शाळेत का मानू नये?