शेजारच्या पोरांसाठी काढलेल्या कॉलेजात परक्या राज्यातून आलेल्याचं काय होतं?

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात स्कूबा नावाचं गाव आहे. वस्ती सातशेच्या घरात. २०१६ मध्ये नेटफ्लिक्सवर 'लास्ट चान्स यू' ही मालिका आली आणि इथलं ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेज जगाला माहीत झालं. मोठ्या विद्यापीठांतून बाहेर पडलेली, मार्कांत अडकलेली पोरं वेगवेगळ्या राज्यांतून इथं फुटबॉल खेळायला येत.

मालिका फुटबॉलची, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या ब्रिटनी वॅग्नर, खेळाडूंच्या अभ्यासाच्या सल्लागार. वर्गात निघालेल्या पोराला त्या विचारायच्या, पेन्सिल आहे ना? नसेल तर स्वतः द्यायच्या. कोण वर्गाला गेलं, कोण खोलीत झोपून राहिलं, सगळी खबर त्यांच्याकडे. घरापासून शेकडो मैल लांब आलेल्या पोराला कुणीतरी रोज विचारतंय, एवढ्यावर बरंच काही तरून जायचं.

आता खरी अडचण. फुटबॉल टीममध्ये नसलेल्या पोराला असं विचारणारं सहसा कुणी नसतं. आणि त्याचं कारण या कॉलेजांच्या जन्मातच आहे.

इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांवर सुरू झालं. आज सुरू असलेलं हे सगळ्यांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज. कल्पना साधी होती, पोरांना गाव न सोडता कॉलेज शिकता यावं. म्हणजे कुणी घर सोडून येईल हे गृहीतच धरलेलं नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी हॉस्टेल नाही. निम्म्याहून जास्त विद्यार्थी पार्टटाइम. तास संपला की जो तो पार्किंगमधून गाडी काढतो आणि कामावर नाही तर घरी जातो. ज्याचं घरच हजार मैलांवर आहे, तो त्या रिकाम्या पार्किंगमध्ये उभा राहतो.

वर फी जास्त. ही कॉलेजं स्थानिक आणि राज्याच्या करांवर चालतात, म्हणून बाहेरच्याला वेगळा दर. कॅलिफोर्नियात रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला अनेक कॉलेजांत तीनशेच्या वर. रहिवासी ठरायला एक वर्ष आणि एक दिवस तिथं राहावं लागतं, शिवाय कायम राहण्याचा इरादा कागदावर दाखवावा लागतो. आपल्याकडे डोमिसाईलसाठी तहसीलला खेटे घातलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मदतीचंही तसंच. टेनेसी प्रॉमिससारख्या फी माफीच्या योजना त्या त्या राज्याच्या रहिवाशांपुरत्या. केंद्राचा पैसा मात्र राज्याची हद्द बघत नाही. गरीब विद्यार्थ्यांची पेल ग्रँट कुठल्याही राज्यात चालते. 'ट्रायो' या केंद्रीय कार्यक्रमातून घरातल्या पहिल्या पिढीच्या, गरीब किंवा दिव्यांग विद्यार्थ्यांना शिकवणी आणि सल्लागार मिळतो, तोही फुकट. पण प्रत्येक कॉलेजात ट्रायो नसतो, असला तर जागा मोजक्या. आणि तो आहे हे बाहेरून आलेल्याला सांगणार कोण? स्थानिक पोराला ते चुलतभावाकडून कळतं.

मग आपलेपणा येतो कुठून? ओरिएंटेशनचा पिझ्झा आणि फुकटचा टीशर्ट यावर कॉलेजांचा भारी विश्वास असतो. पण सगळ्यांत ठोस आकडे वेगळंच सांगतात. न्यूयॉर्कच्या सरकारी विद्यापीठानं, म्हणजे क्युनीनं, २००७ मध्ये 'असॅप' हा कार्यक्रम काढला. त्यात फुलटाइम शिकायचं, सल्लागाराला ठरल्याप्रमाणे भेटायचं, आणि तसं केलं तर मेट्रोचा पास मिळायचा. पुस्तकांचा खर्चही कार्यक्रमाकडे. एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी, तर बाकीच्या सल्लागारांकडे सहाशेच्या वर. एमडीआरसी या संशोधन संस्थेनं चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून तुलना केली. तीन वर्षांत असॅपमधले ४० टक्के पदवीपर्यंत पोहोचले, दुसऱ्या गटातले २२ टक्के. पुढे ओहायोतल्या तीन कॉलेजांत हेच करून पाहिलं, तिथंही फरक तसाच मोठा पडला.

असॅपची पोरं मुख्यतः न्यूयॉर्कचीच होती, हे खरं. पण घर जवळ असलेल्यांना ठरलेल्या माणसाची एवढी गरज पडत असेल, तर परक्या राज्यातल्याचं काय होत असेल याचा अंदाज येतो. अनेक ठिकाणी सुट्टीत हॉस्टेललाही कुलूप लागतं. थँक्सगिव्हिंगला सगळे घरी जातात, तेव्हा या पोरानं जायचं कुठं, हे कुठल्याच फीच्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

पुण्या-नागपूरहून एफ-१ व्हिसावर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून पुढे विद्यापीठात जाणारी मुलंही याच रांगेत येतात. कॅलिफोर्नियात एवढं लांब यायला कारणही आहे. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात ठरलेले विषय आणि मार्क सांभाळले, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसपैकी एकात प्रवेशाची हमी मिळू शकते. पण ही मुलं फी बाहेरच्या दरानं भरतात आणि केंद्राची पेल ग्रँटही त्यांना नाही. टर्म सुरू असताना काम करायचं तर कॅम्पसवरच, तेही आठवड्याला २० तासांपर्यंत.

गंमत म्हणजे हे बंधनच कधीकधी कामाला येतं. लायब्ररीच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलाला दोन महिन्यांत निम्मं कॉलेज नावानं ओळखायला लागतं. आणि तो एखाद्या दिवशी आला नाही, तर सुपरवायझरचा फोन येतो.