रथाचा दोर आणि विहाराचे कुलूप

गेल्या चैत्रात आमच्या धाकट्या लेकीने हट्ट धरला, "पप्पा, वर्गातल्या सगळ्या मुली रामाचा रथ बघायला जाणार. मीही जाऊ?" तिची आई म्हणाली, "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालायचं नाही." आमची म्हातारी आई हसली, "बघितल्यानं काय पोर बाटती का?" शेवटी आम्हीच तिला घेऊन गेलो.

रामनवमीनंतरच्या एकादशीला नाशिकच्या काळाराम मंदिराकडून दोन रथ निघतात. पुढे गरुडरथ, मागे रामरथ. तालमीतले तरुण दोर ओढतात. मानकरी बुवा रथाकडे तोंड करून, हात जोडून, उलट्या पावलांनी चालतात. आम्ही कडेला उभे राहून पाहिले. हात जोडले नाहीत, कोणाच्या श्रद्धेला नावेही ठेवली नाहीत. तेवढ्यात लेक म्हणाली, "पप्पा, आपण का नाही दोर धरत?"

तिथेच तिला सांगितले. २ मार्च १९३० रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली याच मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड पुढे होते. आपल्या मायबहिणीही दारांवर बसल्या. दारे बंद झाली. ९ एप्रिलला रथ दोघांनी मिळून ओढावा, असे ठरले होते. पण आपल्या माणसांचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि दगडांचा वर्षाव झाला. हा लढा देवदर्शनासाठी नव्हता, माणुसकीच्या हक्कासाठी होता. दार उघडेना, तेव्हा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपल्याला धम्म दिला. "म्हणून आता आपल्याला तो दोर नको, बाळा."

लेक गप्प झाली. परतताना म्हणाली, "मग आपल्या विहारात जाऊ." गेलो, तर दाराला कुलूप! चावी अध्यक्षांकडे, अध्यक्ष गावाला. लेक म्हणाली, "पप्पा, इथंपण दार बंदच आहे."

वाचकहो, त्या एका वाक्याने आमची मान खाली गेली. भीमजयंतीला वर्गणी, मिरवणूक, रोषणाई, आणि मग विहाराला कुलूप ते थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत. मुलांनी शेजारच्या उत्सवाकडे जाऊ नये म्हणून आपण डोळे वटारतो, पण त्यांना यायला आपले दार उघडे ठेवतो का? नुसत्या 'नाही'वर लेकरू वाढत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही चावी मागून घेतली. दर रविवारी सकाळी एक तास त्रिशरण-पंचशील, मग एखादी म्हातारी जुन्या लढ्याची गोष्ट सांगते. पहिल्या रविवारी चारच मुले आली. आता चौदा येतात. त्यात लेकीची ती वर्गमैत्रीणही असते. तिला आम्ही जात विचारलेली नाही.

आपल्या वस्तीतली चावी कोणाकडे आहे, एवढे या रविवारी जरूर पाहा.

जयभीम!